टिटवीचं वकीलपत्र

सासऱ्यांची बॅग डिकीत ठेवून मास्तरांनी झाकण लावलं ते जरा जास्तच जोरात. आवाज ऐकून मास्तरीणबाई घराच्या दारातून म्हणाल्या, "एवढं आपटायला काय झालं?"

"नीट बसत नाही ते," मास्तर म्हणाले.

झाकण उत्तम बसत होतं. मनातला आनंद तेवढा मनात बसत नव्हता. आज संध्याकाळच्या गाडीनं सासरे आपल्या गावी परत जाणार होते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते लोकांना मोटार चालवायला शिकवत. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं : एक टेबल, एक फिरती खुर्ची, भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता. सासरे म्हणजे निवृत्त वकील. ते लेकीकडे 'चार दिवस' म्हणून आले, त्यानंतर कॅलेंडरची पानं उलटत राहिली आणि वकीलसाहेब फिरत्या खुर्चीत फिरत राहिले. खुर्ची गेली त्याचं मास्तरांना एवढं दुःख नव्हतं. पण वकीलसाहेब त्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या शिकाऊंची उलटतपासणी घेत.

"हा क्लचच आहे, असं तुम्ही कशावरून म्हणता?" त्यांनी एकदा एका बाईंना विचारलं होतं.

"मास्तरांनी सांगितलं."

"म्हणजे ऐकीव पुरावा!"

त्या बाई दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या गल्लीतल्या स्कूलमध्ये जायला लागल्या. जे टिकले, ते लायसन्सच्या परीक्षेच्या वेळी साहेबाला 'माझ्या माहितीप्रमाणे हा ब्रेक आहे' अशी उत्तरं द्यायला लागले आणि नापास व्हायला लागले.

त्यामुळे मास्तरीणबाई जेव्हा म्हणाल्या, की स्टेशनच्या वाटेवरच तो राखीव किनारा आहे, सकाळीच निघून बाबांना दाखवू या, पक्षी येतात, नशीब असेल तर डॉल्फिनसुद्धा दिसतात, तेव्हा मास्तरांनी एका पायावर होकार दिला. जाणाऱ्या पाहुण्याला समुद्रच काय, ध्रुवतारा दाखवायचीही त्यांची तयारी होती.

प्रवास मात्र सुखाचा झाला नाही. स्कूलची गाडी असल्यामुळे तिला दोन ब्रेक होते. एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारच्या सीटखाली, शिकवणाऱ्यासाठी. आज त्या सीटवर वकीलसाहेब बसले होते. त्यांना जिथे जिथे मास्तरांचं चालवणं आक्षेपार्ह वाटलं तिथे तिथे त्यांनी तो दाबला. मागचा ट्रकवाला पुढे जाताना खिडकीतून ओरडला, "आधी शिकून घे, मग रस्त्यावर ये!" आयुष्यभर लोकांना शिकवलेल्या मास्तरांनी ते गिळलं. संध्याकाळपर्यंतचाच प्रश्न होता.

राखीव किनाऱ्याच्या फाटकाच्या आत खडी पसरलेलं मोठं आवार होतं. एका टोकाला रखवालदाराची पत्र्याची खोली, दुसऱ्या टोकाला गाड्या लावायची जागा. दुसरी एकही गाडी नव्हती. मास्तरांनी गाडी लावली आणि सगळे वाळूच्या टेकाडावरच्या लाकडी माचीवर गेले. समोर ओहोटीनं उघडा पडलेला लांबच लांब किनारा, बाजूला खाडीच्या तोंडाशी तिवरांच्या झाडांची गर्द हिरवी भिंत.

"पाहिला समुद्र?" मास्तर म्हणाले. "छान आहे. चला."

"अहो, आत्ता तर आलो!"

"गाडी चुकेल."

असं करत करत त्यांनी दोघांना माचीवरून खाली आणलं. गाडीजवळ येतात तो पुढच्या चाकाला खेटून एक टिटवी बसलेली. मास्तरांनी किल्ली काढली, तशी ती उठली आणि तिनं असा काही आकांत मांडला, की मास्तर जागच्या जागी थिजले. मग तिनं एक पंख खाली टाकला आणि लंगडत, फरपटत गोल फिरायला लागली.

"अगं बाई, लागलं का हो तिला?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मी काही केलं नाही! मी फक्त किल्ली काढली!"

"थांबा!" पलीकडून एक माणूस हात उंचावून धावत आला. खाकी सदरा, गळ्यात शिट्टी. तो इथला रखवालदार होता. "एक पाऊल पुढे टाकू नका! ती अंड्यांवर बसलीय."

चारही माणसं मागे सरकली. टिटवी लगेच बरी झाली, चाकाशी परत आली, अंग फुगवून बसली आणि चौघांकडे एकेका डोळ्यानं बघायला लागली.

"कुठायत अंडी?" मास्तरांनी विचारलं.

"तिच्याखाली."

"तुम्ही पाहिलीत?"

"बघायला जवळ जावं लागेल. जवळ जायला बंदी आहे."

"मग आहेत हे कशावरून?"

"बसलीय ना. उगाच कोण बसून राहील?"

उगाच बसून राहणारे एक गृहस्थ मास्तरांच्या चांगल्या माहितीतले होते, पण ते शेजारीच उभे असल्यामुळे मास्तरांना हा मुद्दा मांडता आला नाही. त्यांनी दुसरा मांडला.

"अहो, गाडी लावून आम्हाला अर्धा तासही झाला नाही. अर्ध्या तासात ही आली, जागा बघितली, घरटं केलं, अंडी घातली?"

रखवालदारानं विचार केला. हा मुद्दा त्याला पटलेला दिसला. मास्तरांना हायसं वाटलं.

"बरोबर आहे तुमचं," रखवालदार म्हणाला. "म्हणजे अंडी आधीची आहेत. गाडी तुम्ही अंड्यांवर लावली."

"मी?"

"राखीव किनाऱ्यावर पक्ष्याच्या घरट्यात वाहन घातलं म्हणजे गुन्हा आहे साहेब."

घटकाभरापूर्वी मास्तर अडकलेले होते, आता आरोपी झाले. "अहो, मी लोकांना गाडी लावायला शिकवतो! पुढे-मागे बघितल्याशिवाय मी गाडी लावतच नाही. बाबा, तुम्ही सांगा ना. तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात."

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. तो घसा भरल्या कोर्टात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. वापर नसल्यामुळे इतके दिवस गंजून पडला होता.

"माझ्या अशिलाचं म्हणणं असं आहे," ते म्हणाले आणि मास्तरांनी कृतज्ञतेनं त्यांच्याकडे पाहिलं, "की ही जागा त्यांच्या शांततापूर्ण ताब्यात असताना या गृहस्थांनी कोणतीही सूचना न देता तिथे आक्रमण केलं."

"बाबा, अशील कोण?"

वकीलसाहेबांनी हनुवटीनं चाकाकडे खूण केली.

"तुम्ही टिटवीच्या बाजूनं?"

"तिला कोण आहे दुसरं?"

"आणि मला?"

"जावईबापू, एकाच खटल्यात दोन्हीकडून उभं राहता येत नाही. तुम्ही आधी विचारायला हवं होतं."

"पण अंडी आहेत की नाहीत हेच कोणाला माहीत नाही!"

"नसेल माहीत. संशयाचा फायदा माझ्या अशिलाला."

रखवालदार या भाषेनं भारावून गेला होता. इतकी वर्षं तो नुसतं 'जवळ जाऊ नका' म्हणत आला होता. त्यामागे एवढा अर्थ आहे याची त्याला कल्पना नव्हती. त्यानं लगबगीनं बांबूच्या खुंट्या आणि लाल दोरी आणली आणि गाडीभोवती कुंपण घालायला घेतलं. मास्तर बघत राहिले. त्यांची गाडी, छपरावर 'शिकाऊ' अशी पाटी असलेली त्यांची पोटापाण्याची गाडी, बघता बघता राखीव क्षेत्र झाली.

"हे असं किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"पिल्लं निघेपर्यंत."

"म्हणजे?"

"तीन-चार आठवडे. मग पिल्लं चालायला लागली की न्या."

मास्तरांनी मटकन खाली बसायला जागा शोधली, पण मग ते उभेच राहिले, कारण खाली आणखी काही असण्याची शक्यता होती. "आणि बाबांची गाडी?"

"गाडी ही काय, इथेच तर आहे," रखवालदार म्हणाला.

"ही नाही हो! ती!"

"ती कोणती? दुसरी पण आणलीत?"

"रेल्वे! संध्याकाळची! ह्या गाडीमुळे त्यांची ती गाडी चुकेल!"

"चुकली तर चुकली," वकीलसाहेब म्हणाले. "मला काही घाई नाही."

"पण बाबा, तुमची तिकडे कामं असतील…"

"कसली?"

आपल्याला इतकी घाई का आहे हे मास्तरांना उघड सांगता येत नव्हतं आणि जे सांगता येण्यासारखं होतं ते कोणाला पटत नव्हतं. मास्तरीणबाई त्यांच्याकडे अशा नजरेनं बघत होत्या, की ते मुकाट्यानं टिटवीकडे बघायला लागले. तीही तशाच नजरेनं बघत होती.

शेवटी मास्तरांनी वरच्या साहेबाला विचारायची गळ घातली. रखवालदारानं फोन लावला. "साहेब, गाडीखाली टिटवी आहे. नाही साहेब, मेली नाही, बसलीय. नाही, गाडीत नाही, गाडीखाली. नाही साहेब, गाडी टिटवीची नाही, मास्तरांची आहे. हो, वकील आहेत. टिटवीचे." मग रखवालदार 'हो साहेब, हो साहेब' म्हणाला आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, वकील आहे तर काही हलवू नका. ते सवडीनं येऊन बघतील."

आता एकच मार्ग उरला होता. बाहेरच्या मोठ्या रस्त्यावरून दुपारनंतर स्टेशनकडे जाणारी बस जाते, असं रखवालदारानंच सांगितलं. मास्तरांच्या जिवात जीव आला. फक्त डिकीतली बॅग काढायला हवी होती. टिटवी पुढच्या चाकाशी, डिकी मागे, तेव्हा हळूच काढता येईल, असं मास्तरांचं म्हणणं. वकीलसाहेबांनी हरकत घेतली. रखवालदारानं दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, चपला काढल्या, मास्तरांकडून किल्ली घेतली आणि चोरासारखा रांगत मागून गेला. डिकी उघडताना किरकिरली तशी टिटवी ओरडली. रखवालदार हात जोडून "झालं, झालं, माउली" म्हणाला. बॅग डोक्यावर घेऊन तो बाहेर आला.

"उन्हात कशाला ठेवता? बस येईपर्यंत माझ्या खोलीत ठेवतो," असं म्हणून तो पत्र्याच्या खोलीकडे गेला, बॅग आत टाकली, दार ओढून घेतलं आणि एक खुर्ची घेऊन आला. कुंपणापाशी ती मांडून राखण करायला बसला.

याच वेळी माचीकडून एक बाई आल्या. डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण, खांद्यावर तिपाईसकट आणखी एक मोठी दुर्बीण. दोरी, गाडी आणि टिटवी बघून त्या जागीच थबकल्या.

"आहाहा," त्या कुजबुजल्या. "माणसाच्या वस्तूंशी किती सुंदर जुळवून घेतलंय तिनं!"

"बाई, तुम्हाला यातलं कळतं का?" मास्तरांनी आशेनं विचारलं. "अंडी खरंच असतील?"

दुर्बीणवाल्या बाईंनी तिपाई लावली, बराच वेळ डोळा लावला, खिशातलं पक्ष्यांचं पुस्तक काढून पानं चाळली. "बसण्याची ढब अगदी पुस्तकातल्यासारखी आहे," त्यांनी निकाल दिला. "शंकाच नाही."

"माझा पहिला तज्ज्ञ साक्षीदार!" वकीलसाहेब गरजले. झाडावरचे पाच-सहा पक्षी उडाले.

"श्शू! हळू बोला हो. इथे कुजबुजायचं असतं."

"बाई, कुजबुजणं हे फुटलेल्या साक्षीदाराचं काम. मला ते कधी जमलं नाही."

बस यायला अवकाश होता. दुर्बीणवाल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही इथे उभे राहून करणार काय? ओहोटी आहे, खाली चला. असा किनारा रोज बघायला मिळत नाही." मास्तरीणबाई तर चपला हातात घेऊन निघाल्यासुद्धा. मास्तर कुरकुरत मागून गेले. जाताना त्यांनी दोनदा वळून पाहिलं. गाडी होती, टिटवी होती, रखवालदार होता. तिघंही ढिम्म.

ओल्या वाळूवर बारीक बारीक वाळूच्या गोळ्यांची रांगोळी पडली होती. मास्तरांनी पाय ठेवायच्या आत रांगोळी काढणारे खेकडे आपापल्या बिळात गडप झाले. दूर पाण्याच्या कडेला मळकट चादर पसरल्यासारखं काहीतरी होतं. एकाएकी ती चादर उचलली गेली आणि आभाळात गेली. हजारो पक्षी एकदम वळले तेव्हा सगळा थवा काळा दिसला, पुन्हा वळले तेव्हा चांदीसारखा लखलखला. एकही पक्षी दुसऱ्यावर आपटला नाही.

मास्तरांचं तोंड उघडं पडलं. "इंडिकेटर नाही, हॉर्न नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "ह्यांना कोणी शिकवलं?"

"डॉल्फिन!" दुर्बीणवाल्या बाई कुजबुजायचं विसरून ओरडल्या. मास्तरीणबाईंनी दुर्बिणीला डोळा लावला आणि लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. मास्तरांना आधी नुसतं पाणी दिसलं, मग नुसतीच स्वतःची पापणी दिसली, आणि मग एक गुळगुळीत करडी पाठ वर आली, चमकली आणि निवांत खाली गेली. मागून दुसरी. त्यांना कुठेच जायची घाई नव्हती. मास्तर बघतच राहिले. आपल्याला कोणाची तरी गाडी गाठायची होती हे त्यांना आठवेना. आठवलं तेव्हा ते दचकले आणि सासरे कुठे आहेत म्हणून बघायला लागले.

वकीलसाहेब खडकातल्या एका डबक्याशी उकिडवे बसले होते. त्यांनी तोंडावर बोट ठेवून मास्तरांना बोलावलं. वकीलसाहेब गप्प आहेत हेच मुळात नवल होतं, म्हणून मास्तरही शेजारी उकिडवे बसले.

डबक्यात एक शंख चालत होता. आत एक खेकडा राहत होता, पाय बाहेर काढून घर पाठीवर घेऊन निघालेला. शेजारी दुसरा, जरा मोठा, रिकामा शंख पडला होता. खेकड्यानं तो चहूबाजूंनी चाचपला, आत नांगी घालून खोली बघितली, पुन्हा बाहेर आला, पुन्हा आत डोकावला. मग एका झटक्यात आपल्या घरातून निघाला आणि उघडावाघडा त्या मोठ्या घरात शिरला. जुना शंख तिथेच कलंडून राहिला.

वकीलसाहेबांनी इतका वेळ धरलेला श्वास सोडला. "जावईबापू, मी जन्मभर भाडेकरूंचे खटले चालवले. कुळानं आपण होऊन, विनातक्रार जागा सोडलेली आज पहिल्यांदा बघितली."

मास्तरांना हसू फुटलं. ते आवरायला गेले तर आणखीच फुटलं. वकीलसाहेबही हसायला लागले, आणि दोघं एकमेकांच्या खांद्याला धरून डबक्यात पडता पडता वाचले.

"एक विचारू?" हसणं ओसरल्यावर वकीलसाहेब म्हणाले. आवाज चक्क हळू होता. "मी तुमच्या शिकाऊंना प्रश्न विचारतो, तेव्हा तुम्ही पाठीमागे तोंड वाकडं करता, होय ना? तक्त्याच्या काचेत दिसतं मला."

मास्तर चाचरले. "नाही, म्हणजे… तसं नाही…"

"करत जा. बरं वाटतं. तिकडे घरी मी काहीही बोललो तरी तोंड वाकडं करायला कोणी नाही. भिंतीला हरकत घेता येत नाही." आणि मग लगेच मोठ्यानं, "हा बघा, दुसरा खेकडा आला! त्या सोडलेल्या जागेचा ताबा घेतोय! वा!"

मास्तरांनी खेकडा बघितला, पण त्यांना तो नीट दिसला नाही. डोक्यात कसला तरी गोंधळ उडाला होता.

ते सगळे परत वर आवारात आले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. बसचा पत्ता नव्हता. "गेली का?" मास्तरांनी विचारलं. "गेली तर दिसली असती. आली नाही तर येईल," रखवालदार म्हणाला. मास्तर यातून काही अर्थ काढायच्या बेतात होते, तेवढ्यात कुठूनसा एक कावळा आला आणि पत्र्याच्या खोलीच्या पायरीपाशी उतरला.

त्याबरोबर चाकाशी बसलेली टिटवी बाणासारखी सुटली. इतका वेळ कुठे तरी असलेला तिचा नरही धावून आला. दोघांनी मिळून कावळ्याच्या डोक्यावर असे काही झपाटे मारले, की तो शेपटी सावरत पळाला. आणि मग टिटवी गाडीकडे आलीच नाही. ती तुरुतुरु चालत पायरीपाशी गेली, मान वाकडी करून खाली बघितलं, पायानं काहीतरी सारखं केलं आणि अलगद तिथेच बसली.

सगळे एकदम चाकाकडे बघायला लागले. चाकाशी खडी होती. नुसती खडी.

दुर्बीणवाल्या बाईंनी तिपाई फिरवली. टिटवी जराशी हलली, तेव्हा त्यांना दिसलं. "पायरीला लागूनच आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "चार. खडीच्याच रंगाची." त्यांनी पुस्तक उघडलं, पुढचं पान वाचलं आणि त्यांचे कान लाल झाले. "इथे लिहिलंय, की शत्रूला चकवायला कधी कधी ही भलतीकडेच अंड्यांवर बसल्याचं सोंग करते. मी मघाशी पान उलटलंच नाही."

"सोंग?" मास्तर म्हणाले. "दिवसभर?"

"मी आठवडाभर रजेवर होतो," रखवालदार खुर्चीतून उठत पुटपुटला. "खोली बंद होती. तेवढ्यात हिनं… अरे देवा, म्हणजे मी सकाळपासून अंड्यांवरूनच येतोय-जातोय!"

"गाडी सुटली!" मास्तर ओरडले. "बाबा, गाडी सुटली!"

"स्टेशनवरून?" मास्तरीणबाईंनी घाबरून विचारलं.

"ती नाही, ही! ही सुटली! ती अजून मिळेल! चला, चला, बॅग घ्या!"

आणि मग सगळ्यांना एकदम आठवलं, की बॅग खोलीत आहे.

रखवालदारानं खोलीकडे पाहिलं. खोलीत त्याचा डबा होता, टोपी होती, घरी जायचे कपडे होते. खोलीला टेकून त्याची सायकल उभी होती. मग त्यानं जड पावलांनी गाडीभोवतीच्या खुंट्या उपटल्या आणि दुरून, अगदी दुरून, आपल्याच खोलीभोवती लाल दोरी बांधायला घेतली. ते बघून बॅगेचं नाव काढायचा कोणाला धीर झाला नाही.

"राहू दे बॅग," वकीलसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा खाली आला होता. "पिल्लं निघाली की पाठवून द्या. मी असाच जातो. सोडा मला स्टेशनवर."

मास्तर सकाळपासून हेच वाक्य ऐकायला कासावीस झाले होते. आता ते कानावर पडलं, तर त्यांना ते आवडलं नाही.

"असे कसे जाल?" ते म्हणाले. "तुमच्या गोळ्या बॅगेत आहेत."

"तिकडच्या दुकानात मिळतात."

"चष्मा?"

"नाकावर आहे."

"स्वेटर. रात्रीच्या प्रवासात गार वारा लागेल."

"खिडकी लावून घेईन. जावईबापू, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं बोलताय? गाडी चुकेल, गाडी चुकेल म्हणून सकाळपासून तुम्हीच नाचत होतात ना?"

मास्तरांना आपण कोणाच्या बाजूनं बोलतोय हे खरोखरच कळत नव्हतं. त्यांनी बायकोकडे मदतीसाठी पाहिलं. ती समुद्राकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, तेही कळायला मार्ग नव्हता.

"त्याचं काय आहे," मास्तर अडखळत म्हणाले, "स्कूलला नवीन मुलं यायचीयत. आणि तुमचं ते… अशील. ते इथे असं उघड्यावर, आणि वकील तिकडे परगावी. असं कसं चालेल? वरचे साहेब कधीही बघायला येतील. तारखेला कोण उभं राहणार?"

वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हा मुद्दा आहे," ते म्हणाले. "कायद्याचा मुद्दा आहे. वकीलपत्र घेतल्यावर असं अर्ध्यात जाता येत नाही." मग जरा थांबून, "तरी तुमची विनंती काय, ती स्पष्ट शब्दांत मांडा."

"राहा," मास्तर म्हणाले. "पिल्लं निघेपर्यंत."

"आणि उडेपर्यंत?"

"उडेपर्यंत."

"उडायला त्यांना वेळ लागतो हं," दुर्बीणवाल्या बाई कुजबुजल्या, पण ते ऐकायला कोणी थांबलं नाही.

रखवालदाराची सायकल अडकल्यामुळे त्यालाही गाडीत घ्यावं लागलं. तो मास्तरीणबाईंच्या शेजारी मागे बसला, खोली दिसेनाशी होईपर्यंत वळून बघत राहिला आणि मग म्हणाला, "मला स्टेशनच्या अलीकडे सोडलंत तरी चालेल. म्हणजे, स्टेशनकडे जात असाल तर. जाताय ना?"

फाटकाबाहेर मोठा रस्ता आला. डावीकडे स्टेशन, उजवीकडे घर. मास्तरांनी क्षणभर गाडी थांबवली आणि उजवीकडचा इंडिकेटर दिला. तो टिकटिक करायला लागला. शेजारी वकीलसाहेब ताठ बसले.

"विरुद्ध पक्षानं आपण होऊन वळण घेतलं," ते समोर बघत म्हणाले. "नोंद असावी."

"विरुद्ध पक्ष म्हणजे नक्की कोण हो, बाबा?" मागून मास्तरीणबाईंनी विचारलं.

"तेच तर मला सकाळपासून कळत नाहीये," मास्तर म्हणाले आणि त्यांनी गाडी वळवली.